सुट्ट्यांत तब्येतीचं गणित नेमकं कुठे चुकतं?

अबोली_२

गेल्या मोठ्या सुट्टीतली गोष्ट. नऊ दिवस नातेवाइकांकडे राहून रात्री अकराला घरी पोचलो आणि बॅगा दारातच टाकून सगळे झोपले. दुसऱ्या दिवशी बाबांची (माझे सासरे, पण मी बाबाच म्हणते) बॅग उपसताना मोज्यांच्या गुंडाळीखाली त्यांची गोळ्यांची डबी सापडली. सात खणांची, प्रत्येक खणावर वाराचं अक्षर असलेली. निघायच्या आदल्या रात्री मीच ती भरली होती आणि वरच्या दोन दिवसांच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या होत्या. सोम आणि मंगळ रिकामे. बुधवारपासून पुढचे सगळे खण जसेच्या तसे. पुडीची तर घडीसुद्धा मोडली नव्हती.

विचारलं तर म्हणाले, "अगं, ती नाश्त्यानंतर घ्यायची गोळी ना? तिथे नाश्त्याला अकरा वाजायचे. मग इतक्या उशिरा कशाला घ्या, म्हणून राहिली."

रक्तदाब १७२/१०४. डॉक्टर त्यांना काही बोलले नाहीत, मला बोलले.

माझंही फार बरं नव्हतं. घशाशी जळजळ, सर्दी, काटा दोन किलो पुढे, आणि सुट्टीवरून आल्यावर सुट्टी हवी असं वाटायला लावणारा थकवा. दर वेळी आपण म्हणतो, "खाणं जास्त झालं." मला आता शंका येतेय की खाण्यावर आपण उगाच सगळं बिल फाडतो. खरी मोडते ती दिवसाची घडी. उठणं, जेवणं, गोळी, झोप यांतलं काहीच जागेवर राहत नाही आणि मग एकेक गोष्ट निसटत जाते.

तुम्ही अशा दिवसांत काय धरून ठेवता आणि काय सोडून देता? कृपया तक्ते नकोत. 'सकाळी कोमट पाणी' तर अजिबातच नको.

---

खवचट_काका

कोमट पाण्याच्या प्रतिबंधाला अनुमोदन.

बाकी, चार दिवस हौसेने खाल्लं म्हणून कुणी मरत नाही. आजकाल लोक ताटात वाढलेलं बघायच्या आधी मोबाइलमध्ये त्याच्या कॅलऱ्या बघतात. माणसं भेटतात, हसतात, दोन घास जास्त जातात. जाऊ देत की.

---

अबोली_२

काका, चार नाही, नऊ दिवस. आणि माझी तक्रार घासांबद्दल नाहीच.

---

मापात_माप

काकांच्या बाजूने थोडं बोलतो, कारण काट्यावरचे ते दोन किलो बऱ्याच अंशी खोटे असतात.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दोन किलो खरी चरबी चढायला रोजच्या गरजेच्या वर सुमारे १५,४०० कॅलरी खायला लागतील. नऊ दिवसांत म्हणजे रोज १,७०० जादा. एखादा दिवस जमेल, सलग नऊ दिवस सहसा कुणाला झेपत नाही. मग काटा का पुढे जातो? एक म्हणजे मीठ. बाहेरचं, तळलेलं, पाकिटातलं खाल्लं की मीठ वाढतं आणि शरीर ते पातळ ठेवायला पाणी धरून बसतं. दुसरं, पिष्टमय आणि गोड पदार्थ जास्त झाले की यकृत आणि स्नायू ते ग्लायकोजेन म्हणून साठवतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. त्यामुळे परतल्यावर लगेच काट्यावर चढू नका. चार-पाच दिवस रोजचं जेवण जेवा, मग चढा. निम्म्याहून जास्त पाणी निघून गेलेलं असतं.

आता काकांच्या विरोधात. २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. अमेरिकेत १९५ प्रौढांची वजनं त्यांच्या वर्षअखेरच्या सुट्ट्यांच्या आधी आणि नंतर मोजली. सरासरी वाढ निघाली फक्त ०.३७ किलो. हसण्यावारी न्यावी इतकी. गोम अशी की तेवढी वाढ पुढच्या महिन्यांत उतरलीच नाही. दर वर्षी तेवढीच भर पडत गेली, तर पंधरा वर्षांनी साडेपाच किलो कुठून आले हे माणसाला कळतही नाही. शिवाय ज्यांचं वजन आधीच जास्त होतं, त्यांच्यात मोठी वाढ होण्याचं प्रमाण अधिक होतं.

तेव्हा दोन किलो बघून घाबरू नका, पण पाव-अर्धा किलो 'जाऊ दे' म्हणून सोडूही नका.

---

खवचट_काका

म्हणजे मी निम्मा बरोबर. घरी एवढेही मार्क मिळत नाहीत.

---

पायपीट

माझा एकच उद्योग. जेवण झालं की दहा मिनिटांच्या आत उठायचं.

'व्यायाम करून येतो' म्हणालात की लोक अडवतात, चेष्टा करतात. म्हणून मी निमित्त काढतो. गाडी नीट लावून येतो, कचरा टाकून येतो, फोनला रेंज नाही म्हणून बाहेर जातो. एका घरी तर मी पाच दिवसांत इतक्या वेळा कचरा टाकला की यजमानांना वाटलं मला काही मानसिक त्रास आहे.

जेवणानंतर दोन ते पाच मिनिटं हळू चाललं तरी रक्तातली साखर बसून राहण्याच्या तुलनेत कमी चढते. २०२२ साली 'स्पोर्ट्स मेडिसिन' या नियतकालिकात आधीच्या अनेक प्रयोगांचा आढावा आला होता, त्यात हे स्पष्ट दिसतं. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इतकं साधं आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमांची हालचाल सांगते. सुट्टीत तेवढी जमवायच्या नादात काहीच न करणारे मी खूप पाहिलेत. बूट घेऊन येतात आणि बूट तसेच परत नेतात.

---

सुगरण_थकली

बराच वेळ नुसतं वाचत होते. आता लिहितेच. लांबेल.

'सुट्टीत समतोल' असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. तुम्ही सगळे जिथे जाता ते घर माझं असतं. मागच्या वेळी चौदा माणसं, सहा दिवस. माझं जेवण कसं असायचं सांगते. दुपारचे साडेतीन. ओट्याला टेकून, उभ्यानेच. ताट घेतलं तर ते घासावं लागेल म्हणून पातेल्यात तळाशी उरलेलं पातेल्यातूनच. डाव्या हातात फोन, कारण संध्याकाळच्या सामानाची यादी त्यात. आणि त्याआधी सकाळपासून चव बघ, तुकडा मोडून बघ, मुलांच्या ताटलीत उरलेलं टाकवत नाही म्हणून तोंडात टाक, असं किती पोटात गेलं ते देव जाणे. भूक कधी लागलीच नाही आणि जेवल्यासारखं कधी वाटलंही नाही. रात्री एकला अंग टाकायचं, पाचला उठायचं. सहाव्या दिवशी पाठ अशी धरली की टाचा टेकवेनात.

पाहुणे गेल्यावर नवरा म्हणाला, "छान झालं ना सगळं!" खरंच छान झालं होतं. मी त्यात नव्हते, एवढंच.

या वेळी मी दोन गोष्टी केल्या. पहिली, फ्रिजवर कागद लावला. त्यावर कामं आणि पुढे नावं. नावं मी घातली नाहीत. येणाऱ्यांना आधीच फोनवर सांगितलं की आल्या आल्या आपापलं नाव टाकायचं. दीर भांड्यांवर नाव टाकून बसले, कारण बाकीचं संपलं होतं. सासूबाईंना ते पाहवेना, "पोरगा इतक्या दिवसांनी आलाय" म्हणाल्या. दीरच म्हणाले, "आई, मी माझ्या घरी रोज घासतो." पुढचा अर्धा तास स्वयंपाकघरात कमालीची शांतता होती.

दुसरी, मी दुपारी एक वाजता बसून जेवते. जे तयार असेल ते, ताटात वाढून, खुर्चीवर. पहिल्या दिवशी दोघीतिघींनी विचारलं, "तुझं झालंसुद्धा?" त्यातला तो 'सुद्धा' लागला जरा. दुसऱ्या दिवशी एक जाऊबाई ताट घेऊन शेजारी येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही चौघी होतो.

पदार्थही कमी केले. आठाचे पाच. कुणाच्याच लक्षात आलं नाही. वीस वर्षं कुणासाठी करत होते ते आठ, हे मात्र अजून कळलेलं नाही.

---

अबोली_२

सुगरण, हे वाचून गप्प झाले. आम्ही नऊ दिवस ज्यांच्याकडे होतो त्या वहिनींना आत्ता फोन केला.

---

कडूगोड

अठरा वर्षांचा मधुमेही, त्यातली शेवटची सहा इन्सुलिनवर. त्यामुळे आग्रह या विषयात माझी पीएचडी समजा.

आधी एक. सुट्टीत काय केलं ते डॉक्टरांपासून लपत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि एचबीएवनसी ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. आदल्या दिवशी उपाशी राहून गेलात तरी ती बधत नाही. मी प्रयत्न केलेला आहे.

दुसरं, आग्रहाचं. 'मला चालत नाही' म्हटलं की समोरचा वाटाघाटीला बसतो. एवढंसं, अर्धं, माझ्यासाठी, आज एक दिवस. 'नको' म्हटलं की रुसवा. मी आता जे खायचंय ते आधीच ठरवतो आणि ते मागून घेतो. "ते नको, मला हे द्या, पण छोटं द्या." मागितलं की वाढणाऱ्याचा जीव शांत होतो. आणि ताट रिकामं ठेवत नाही. रिकामं ताट दिसलं की डाव आपोआप फिरतो, तो हात माणसाचा नसतोच. शेवटचा घास तसाच ठेवून गप्पा मारायच्या.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण यावर कुणी बोलत नाही. इन्सुलिनवरच्या मधुमेह्याला सुट्टीत साखर वाढण्यापेक्षा घसरण्याची भीती मोठी. 'रात्री भरपूर जेवायचंय' म्हणून दुपारी काही खाल्लं नाही, सुई मात्र सवयीने घेतली आणि जेवण नऊऐवजी अकराला आलं. माझं असंच झालं होतं. गप्पांत बसलो होतो आणि समोरच्याचं बोलणं लांबून येतंय असं वाटायला लागलं. हात थरथरायला लागले, मानेवर घाम. लोकांना वाटलं मला झोप येतेय. बायकोने चेहरा ओळखला आणि साखरेचं पाणी तोंडाला लावलं. साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज (तीन-चार छोटे चमचे), १५ मिनिटं थांबा, परत मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं. जे माहीत असतं ते नेमके तेव्हा बाजारात गेलेले असतात.

अबोली, बाबांबद्दल. गोळी नाश्त्याला बांधू नका, नाश्ता सरकतो. जे कुठल्याही घरी सरकत नाही असं काहीतरी शोधा. दात घासणं, अंघोळ, पेपर, काहीही. फक्त ती गोळी रिकाम्या पोटी चालते का हे आधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या जेवणाबरोबरच घ्याव्या लागतात.

---

रातराणी_७

परिचारिका आहे, तातडीच्या विभागात. नाइटमध्ये लिहितेय, थोडं तुटक होईल.

कडूगोड यांच्या शेवटच्या परिच्छेदाला दोन जोड. एक, चुकलेली गोळी आठवली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका, काय करायचं ते विचारून करा. दोन, रक्तदाबाच्या काही गोळ्या एकदम थांबल्या तर दाब उसळी मारतो, काहींना छातीत धडधड किंवा दुखणंही होतं. म्हणून प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत हव्यात, डिकीत किंवा सामानात नाही. मोज्यांच्या गुंडाळीखाली तर नाहीच. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये.

सुट्ट्यांत आमच्याकडे येणारं एक वाक्य आहे. "सकाळपासूनच दुखत होतं, पण पाहुणे होते." छातीत दाब, डाव्या हाताला कळ, जबडा दुखणं, उगाच घाम, धाप. माणूस बारा तास पित्ताचं औषध घेत बसतो, कारण सगळ्यांचा मूड जाईल. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या २,८३,०१४ हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद तपासली होती, २०१८ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथल्या नाताळच्या आदल्या दिवशी धोका ३७ टक्क्यांनी जास्त निघाला आणि सगळ्यात जास्त रात्री दहाच्या सुमारास. पंचाहत्तरीच्या पुढचे, मधुमेही आणि आधीच हृदयाचा त्रास असलेले यांना जास्त. नेमकं कारण त्या अभ्यासातून सिद्ध होत नाही, पण रात्री दहाला आमचा विभाग कसा दिसतो ते मला माहीत आहे.

पाहुणे थांबतील. छाती थांबत नाही.

आणि उरलेलं अन्न. शिजवलेलं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. मोठं पातेलं फ्रिजमध्ये ढकलून उपयोग नाही, मधला भाग कितीतरी तास कोमट राहतो. पसरट, उथळ भांड्यांत काढा. परत गरम करताना वाफ येईपर्यंत, सगळीकडून.

बेल वाजली. जाते.

---

खवचट_काका

'परत उकळलं की सगळं मरतं' असं आमची आई म्हणायची.

---

रातराणी_७

जंतू मरतात, काका. काही जंतूंनी आधीच सोडून ठेवलेलं विष उकळूनही जात नाही.

---

खवचट_काका

फ्रिज उघडून बघितला. एक डबा कधीचा आहे यावर घरात मतभेद आहेत. टाकला.

---

झोपाळू_मांजर

अबोलीताईंच्या 'दिवसाची घडी' या मुद्द्याला शास्त्रात नाव आहे. जर्मनीतले टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सोशल जेटलॅग' हा शब्द वापरला. कामाच्या दिवशी सहाला उठणारा माणूस सुट्टीत दहाला उठला, तर घरबसल्या चार टाइम झोन ओलांडल्यासारखं होतं. विमानात न बसता विमानप्रवासाचा शीण.

मी झोपायच्या वेळेवर भांडत नाही, गप्पा रंगल्या की मीही एकपर्यंत बसतो. उठायची वेळ मात्र रोजच्यापेक्षा तासाभराहून जास्त पुढे जाऊ देत नाही. लवकर उठलं आणि उजेडात गेलं की रात्री झोप आपोआप जागेवर येते. दुपारी वीस मिनिटं डुलकी चालते. दोन तासांची झाली की रात्र गेली.

आणि संध्याकाळच्या कॉफीचा हिशेब. पोटात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायला सर्वसाधारणपणे पाच तास लागतात. सहाला घेतलेल्या कपातला अर्धा कप अकराला अजून अंगात फिरत असतो. जळजळीचंही तसंच, जेवण आणि आडवं होणं यात दोन-तीन तास गेले की माझी जळजळ निम्मी होते. उशीच्या बाजूने पलंग थोडा उचलला की आणखी कमी.

---

सुगरण_थकली

वीस मिनिटांची डुलकी. कुणाच्या घरी? पत्ता पाठव.

---

झोपाळू_मांजर

😄 समजलं. फ्रिजवरच्या कागदावर माझं नाव टाका. डुलकीच्या आधी भाजी चिरतो.

---

तिसरा_पेला

मद्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. नैतिक भाषण नाही, स्वतःची हकीकत आहे.

एरवी महिन्याला एखादा पेला घेणारा मी. त्या वर्षी सलग तीन रात्री मित्रांबरोबर बसणं झालं. चौथ्या पहाटे तीनला जाग आली ती छातीत कबूतर अडकल्यासारखी. ठोके एकसारखे पडेनात, मध्येच चुकायचे, मग दोन-तीन घाईघाईने. मनगटावर बोट ठेवून मोजायला गेलो तर तालच सापडेना. इस्पितळात हृदयाचा आलेख काढला, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडणं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "सुट्टीवर आहात का?"

याला 'हॉलिडे हार्ट सिंड्रोम' म्हणतात. १९७८ मध्ये फिलिप एटिंजर आणि सहकाऱ्यांनी हे नाव दिलं. शनिवार-रविवार किंवा सुट्टीत भरपूर पिऊन लागलीच अशी धडधड घेऊन येणारे रुग्ण त्यांना दिसत होते, त्यातल्या बऱ्याच जणांचं हृदय एरवी ठीक असायचं. माझं एका दिवसात जागेवर आलं. सगळ्यांचं येतंच असं नाही.

यकृत ठरावीक वेगानेच काम करतं, साधारण तासाला एक पेग. कॉफी, लिंबू, गार पाण्याची अंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. झोप लागते ती लवकर, पण रात्रीचा दुसरा अर्धा भाग तुटक जातो. आणि कडूगोड यांच्यासाठी: इन्सुलिन घेणाऱ्याने रिकाम्या पोटी प्यायलं तर काही तासांनी, झोपेतसुद्धा साखर घसरू शकते. प्यायला असेल म्हणून लोक उठवत नाहीत.

आता मी पेल्यात सोडा घेऊन बसतो. पेला हातात असला की कुणी विचारत नाही. कडूगोड यांचं रिकामं न होणारं ताट आणि माझा भरलेला पेला, युक्ती एकच आहे.

---

मापात_माप

सुट्टीनंतरच्या 'डिटॉक्स'बद्दल विचारणार कुणीतरी, म्हणून आधीच. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यांना बाटलीतल्या हिरव्या रसाची मदत लागत नाही. तीन दिवस फक्त रस पिऊन जे वजन उतरतं, ते मी वर सांगितलेलं पाणीच. तेवढ्याच दिवसांत रोजचं जेवण, रोजची झोप, पुरेसं पाणी, एवढ्यावर ते फुकटात उतरतं.

---

एकटा_जीव

धागा वाचतोय. सगळ्यांच्या अडचणी माणसं जास्त असण्याच्या आहेत.

माझ्याकडे उलट आहे. ती गेल्यानंतरच्या या तिसऱ्या मोठ्या सुट्ट्या. मुलगा परदेशी. या दिवसांत ऑफिस बंद, नेहमीची खानावळ बंद, सकाळी ज्यांच्याबरोबर फिरतो तेही गावाला. दोन वर्षं मी हे दिवस बिस्किटं आणि टीव्हीवर काढले. जेवायची वेळ कुणासाठी पाळायची, हा प्रश्न. लोक फोन करतात, "मजा ना?" म्हणतात, मी "हो" म्हणतो.

तक्रार म्हणून लिहिलं नाही. घडी कशी मोडते याची ही दुसरी बाजू, म्हणून लिहिलं.

---

कडूगोड

लिहिलंत ते बरं केलंत. मी सल्ला देत नाही. रोज सकाळी सातला चालायला जातो, तेव्हा फोनवर बोलायला मोकळा असतो. व्यक्तिगत निरोपात नंबर टाकलाय. न उचललात तरी पुन्हा करेन.

---

पायपीट

मीही सातला निघतो. तिघांचा कॉल लावू. कचऱ्याचं निमित्त आता जुनं झालंय.

---

सुगरण_थकली

आणि वेळ पाळायची असेल तर एकला पाळा. मी एकला जेवते. ताटाचा फोटो टाका, मी माझा टाकते. आज खुर्चीवर बसलेय की नाही ते फोटोत दिसेल, तेवढीच मलाही शिस्त.

---

एकटा_जीव

फोटो टाकायला शिकावं लागेल. ठीक आहे.

---

अबोली_२

धागा वर काढतेय. कालच परत आलो, या वेळी सात दिवस होतो.

डॉक्टरांना विचारलं, बाबांची गोळी रिकाम्या पोटी चालते म्हणाले. मग ती नाश्त्यापासून सोडवून दात घासण्याला बांधली. डबी टूथब्रशच्याच पाउचमध्ये ठेवली, ब्रश काढायचा तर डबी आधी हाताला लागते. उठायची वेळ मी सातच ठेवली, मुलांनी बंड केलं, मुलांना सोडून दिलं. वहिनींच्या फ्रिजवर कागद लावला, माझं नाव चार ठिकाणी आणि आमच्या ह्यांचं दोन ठिकाणी, तेही स्वतःहून. गोड खाल्लं, भरपूर खाल्लं. काट्यावर अजून चढले नाही, मापात_माप यांनी सांगितलेले पाच दिवस मोजतेय. सर्दी मात्र झालीच, बंद खोलीत वीस माणसं म्हटल्यावर चुकत नाही बहुधा.

आज सकाळी बाबांचा रक्तदाब १३६/८४.

डबी उघडून बघितली. सहा खण रिकामे, शनिवारचा भरलेला. विचारलं, "बाबा, शनिवारी काय झालं?"

जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी दात घासले नाहीत."

---

खवचट_काका

बाबांना माझा साष्टांग नमस्कार सांगा.